लेकीचे नाव: इरावती, गोदावरी, ग्वेनल्हियान

१५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातल्या मिंज्यान गावी करमरकरांच्या घरी मुलगी झाली. वडील गणेश हरी करमरकर नोकरीनिमित्त तिकडे होते. गाव एका मोठ्या नदीच्या काठचे. त्या नदीवरूनच मुलीचे नाव ठेवले गेले, इरावती. माहेरच्या माणसांपासून इतक्या लांब असलेल्या कुटुंबाने पणजीचे किंवा कुलदेवतेचे नाव ठेवले असते, तरी कोणाला आश्चर्य वाटले नसते. त्यांनी परक्या मुलखातले नाव घेतले, पण मराठी जिभेला आणि कानाला ते जराही परके वाटले नाही. पंजाबातल्या रावीलाही आपल्या जुन्या वाङ्मयात इरावतीच म्हणतात. ही मुलगी पुढे पुण्यात वाढली, बर्लिनला शिकली आणि मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे म्हणून महाराष्ट्राला माहीत झाली. १९६८ साली ‘युगान्त’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तेव्हाही पुस्तकावर नाव होते ते मिंज्यानला ठेवलेलेच.

मुलीला दुसऱ्या देशातले, दुसऱ्या भाषेतले नाव ठेवावे का, हा प्रश्न आज वेल्समधल्या कार्डिफमध्ये राहणाऱ्या मराठी घरात येतो, तसाच तो सोलापूरच्या अशोक चौकातही येतो. तिथे वेल्श नाव घ्यावे का, असे विचारतात. इथे तेलुगू आजी, मराठी शाळा आणि हिंदी सिनेमा यांतून एक नाव काढायचे असते. माझ्या मते दोन्हीकडे उत्तर एकच आहे. नाव कुठले आहे याला फार महत्त्व नाही. त्या नावाशी घराचे काही नाते आहे का आणि ते त्या मुलीजवळ जन्मभर राहणार आहे का, हे आधी पाहावे.

दुसरी अट वाटते तितकी साधी नाही. इरावतीबाईंच्या सासूबाईंचेच उदाहरण घ्या. त्या माहेरच्या गोदूबाई. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी विधवा असलेल्या गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. त्या काळात हे केवढे धाडस होते ते लोकांनी कर्व्यांना दाखवून दिलेच. पण एवढ्या मोठ्या सुधारणेतही गोदूबाईंचे नाव बदलून आनंदीबाई झाले. रीत तशीच होती. लग्नात ताटभर तांदूळ पसरायचे, त्यात अंगठीने नवे नाव लिहायचे, आणि मुलगी त्या नावाची होऊन सासरी जायची. कल्याणची यमुना लग्नानंतर आनंदीबाई जोशी झाली आणि त्याच नावाने अमेरिकेत डॉक्टर झाली. कुर्लेकरांची यमुना रमाबाई रानडे झाली. गोखल्यांची मनकर्णिका लक्ष्मीबाई टिळक झाली. या तिघींची चरित्रे आणि आत्मचरित्रे आपण वाचतो म्हणून त्यांची पहिली नावे आपल्याला ठाऊक आहेत. ज्यांनी काही लिहिले नाही, त्या लाखो बायकांची माहेरची नावे कुठल्याही कागदावर उरलेली नाहीत. वंशावळीत बापाच्या बाजूची सात नावे सापडतात आणि आईच्या बाजूला दोन पिढ्यांतच पाटी कोरी होते, ती यामुळे. लग्नानंतर मुलीने नाव बदललेच पाहिजे असा कोणताही कायदा नाही. तरीही आपण मुलींची नावे शतकानुशतके तात्पुरती धरली, ही मला आपल्या नामकरणातली सर्वांत दुखरी गोष्ट वाटते.

गोदावरी हे नाव एका घरात असे पुसले गेले, पण त्याच नावाने सोलापुरात एक वसाहत उभी आहे. पुण्याच्या गोदावरी गोखले यांनी १९३९ साली शामराव परुळेकरांशी लग्न केले आणि त्या गोदावरी परुळेकर झाल्या. आडनाव बदलले, नाव राहिले. ठाणे जिल्ह्यातल्या वारली आदिवासींमध्ये त्यांनी केलेले काम सर्वश्रुत आहे. सोलापूरजवळ कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांच्या सहकारी संस्थेने दहा हजार घरांची वसाहत उभी केली. १ सप्टेंबर २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरांचे वाटप झाले. या वसाहतीला नाव मिळाले कॉम्रेड गोदूताई परुळेकरांचे. आज तिथल्या हजारो घरांतल्या मुली शाळेच्या अर्जावर पत्ता लिहितात तेव्हा ‘गोदूताई’ लिहितात. एका नदीचे नाव, त्याचे घरातले लाडके रूप, आणि तेच दहा हजार घरांचा पत्ता. मुलीचे नाव टिकले की ते किती लांब जाऊ शकते, याचे याहून मोठे उदाहरण मला सापडलेले नाही.

या वसाहतीतल्या घराघरांत डोकावले तर सोलापूरचे नामकरण कसे चालते ते कळते. विडी वळणाऱ्या बायकांपैकी पुष्कळ जणी तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली समाजाच्या. हा समाज विणकामासाठी तेलंगणाकडून इकडे आला. सोलापूरची चादर आणि टॉवेल जगभर गेले ते बऱ्याच अंशी यांच्या मागांवरून. त्यांच्यातल्या आज्यांची नावे नरसम्मा, राजम्मा, भूलक्ष्मी, यल्लम्मा. लेकींची पद्मा, अनसूया, रेणुका, पुष्पा. नातींची श्रद्धा, पूजा, वैष्णवी. तीन पिढ्यांत ‘अम्मा’ गळाले आणि अखिल भारतीय नाव आले. तेलुगू रीतीप्रमाणे घराणे आधी आणि नाव नंतर येते, पण महाराष्ट्रातल्या शाळेच्या हजेरीपटात घराणे शेवटी जाऊन आडनाव बनले. बारशाला ही मंडळी बारसालाच म्हणतात, त्यामुळे शेजारच्या मराठी बाईला आमंत्रण समजावून सांगावे लागत नाही.

शहराच्या लिंगायत घरांत कन्नड नावांची दुसरी परंपरा आहे. बाराव्या शतकातल्या शरणांमध्ये, म्हणजे लिंगायत संतांमध्ये, सोलापूरचे सिद्धरामेश्वर होते, अक्कमहादेवी होत्या, आणि बसवेश्वरांच्या घरच्या गंगांबिका, नीलांबिका, अक्कनागम्मा होत्या. म्हणून सोलापूरच्या जुन्या वस्तीत महादेवी, नीलम्मा, गंगम्मा, नागम्मा ही नावे आजही ऐकू येतात. ही नावे इतिहासाने भरलेली आहेत. ज्या बायकांनी आठशे वर्षांपूर्वी वचने लिहिली, त्यांची ती नावे आहेत. आणि त्याच शहरात संक्रांतीच्या वेळची गड्ड्याची यात्रा भरते, नंदीध्वज निघतात, अक्षता पडतात. हा सोहळा म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी एका मुलीने लावलेल्या लग्नाची आठवण. ती मुलगी कोण? लोकांच्या तोंडी ती ‘कुंभारकन्या’. हजारो लोक दरवर्षी जिच्या लग्नाच्या अक्षता टाकतात, तिला बापाच्या धंद्यावरून ओळखतात. एखाद्या सोलापूरकर घराने उद्या मुलीचे नाव ठेवताना हे मनात आणावे, असे मला फार वाटते.

पंढरपूर, मंगळवेढा आणि अक्कलकोटकडून येणारी मराठी नावे वेगळी. रुक्मिणी, रखमा, विठाबाई, चंद्रभागा. मंगळवेढ्याची कान्होपात्रा संत झाली, तरी तिचे नाव फारसे कोणी मुलीला ठेवले नाही, कारण ती गणिकेची मुलगी. नाव सुंदर असूनही समाजाने ते बाजूला ठेवले. तुळजापूर जवळ असल्याने अंबिका, भवानी, तुळजा. मुस्लिम मोहल्ल्यांत झुबेदा, नूरजहाँ, झीनत, आयेशा. २०११च्या जनगणनेनुसार साडेनऊ लाखांच्या या शहरात एका शाळेच्या एका वर्गात चार भाषांची नावे शेजारी शेजारी बसलेली असतात. बाई हजेरी घेताना ती सगळी नीट उच्चारायचा प्रयत्न करतात, आणि मुलांना त्यात काही विशेष वाटत नाही.

चार भाषांच्या शहरात नाव ठेवायचे तर ते चारही तोंडांनी म्हणून पाहावे लागते. चारू हे मराठीत गोड नाव. शेजारची तेलुगू आजी मात्र जेवणाच्या पानातल्या पातळ साराला चारू म्हणते. प्रज्ञा मराठी माणूस ‘प्रद्न्या’ म्हणतो, हिंदीवाला ‘प्रग्या’, कन्नड माणूस आणखी निराळे. ऋतुजाचे ऋ आपल्याकडे रु होते, उत्तरेकडे रि. त्यामुळे रोमन लिपीत एकाच मुलीचे नाव आधारवर एक, दहावीच्या प्रमाणपत्रावर दुसरे, पासपोर्टवर तिसरे असे होते. स्वाती आणि गीता ही अगदी सोपी नावे, पण सोलापुरात त्यांचीही दोन रूपे दिसतात. दक्षिणेच्या वळणाने लिहिणारा रोमन लिपीत ‘त’साठी टी आणि एच लिहितो, मराठी वळणाचा नुसता टी. पुढे बँकेत आणि परीक्षा मंडळात हीच दोन अक्षरे प्रतिज्ञापत्रे करायला लावतात.

मला या भागासाठी आवडणारे एक नाव सांगतो: नीरा. सह्याद्रीतून येणारी नीरा माळशिरस तालुक्याच्या सीमेने वाहत जाते आणि नरसिंहपूरला भीमेला मिळते. मराठीत नीर म्हणजे पाणी, कन्नडात आणि तेलुगूत नीरु म्हणजेही पाणी. सोलापूरसारख्या पाण्यासाठी तहानलेल्या जिल्ह्यात पाण्याचे नाव मुलीला ठेवणे यात आशीर्वाद आहे. नीरा म्हटले की काहींना नीरा केंद्रावरचा शिंदीचा थंड, गोड रसही आठवेल. त्याने नावाचे काही बिघडत नाही.

आता वेल्सकडे वळू. इंग्लंडच्या पश्चिमेला असलेला हा देश, लोकसंख्या सुमारे ३१ लाख. २०२१च्या जनगणनेनुसार त्यातल्या सुमारे ५ लाख ३८ हजार लोकांना वेल्श बोलता येते, म्हणजे तीन वर्षे आणि त्यावरील लोकांपैकी १७.८ टक्के. शेजारी इंग्रजी, शाळा-कचेरीत कित्येक शतके इंग्रजी, तरी भाषा जिवंत. आता तिथल्या शाळेत सोळाव्या वर्षापर्यंत प्रत्येक मुलाला वेल्श शिकावेच लागते. म्हणजे कार्डिफमध्ये जन्मलेली मराठी मुलगी घरी मराठी, रस्त्यावर इंग्रजी आणि वर्गात वेल्श ऐकणार. अशा घरात वेल्श नावाचा विचार होतो यात नवल नाही. सोलापुरातल्या पद्मशाली घराने नातीचे नाव मराठी वळणाचे ठेवले, त्यामागचे कारणही असेच आहे.

वेल्श नावांतली पहिली गोष्ट जी मराठी स्त्रीला जवळची वाटावी ती आडनावाची. जुन्या वेल्समध्ये आडनाव नव्हते. मुलगा असेल तर ‘अप’ किंवा ‘अब’ आणि बापाचे नाव. मुलगी असेल तर ‘वेर्ख’ आणि बापाचे नाव. वेर्ख म्हणजे लेक. ग्वेनल्हियान वेर्ख ग्रिफिद म्हणजे ग्रिफिदची लेक ग्वेनल्हियान. आणि लग्नानंतर बाई नवऱ्याचे नाव घेत नसे, ती शेवटपर्यंत बापाचीच लेक. सोळाव्या शतकात वेल्स इंग्लंडच्या कायद्याखाली पुरते आल्यावर ही पद्धत हळूहळू मागे पडली. अप रिसचे प्राइस झाले, अप हिवेलचे पॉवेल, अब इवानचे बेव्हन. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा १९४८ साली ज्यांनी उभी केली ते अन्यूरिन बेव्हन याच वळणाच्या आडनावाचे. त्या सेवेत पुढे भारतातून गेलेल्या कितीतरी डॉक्टरांनी दक्षिण वेल्सच्या कोळशाच्या खोऱ्यांत दवाखाने चालवले.

ग्वेनल्हियान या नावाची कथा मी इथे थोडी सविस्तर सांगतो, कारण मुलीचे नाव हिरावून घेणे म्हणजे काय ते त्यातून कळते. १२८२ साली वेल्सचा राजपुत्र ल्हिवेलिन याला मुलगी झाली. बाळंतपणात आई गेली. त्याच वर्षी डिसेंबरात इंग्रजांशी लढताना बाप मारला गेला. मुलगी मोठी होऊन वेल्श लोकांना एकत्र आणेल या भीतीने इंग्लंडच्या राजाने तान्ह्या मुलीला वेल्सपासून लांब, लिंकनशायरमधल्या सेम्प्रिंगहॅमच्या मठात ठेवले. तिथे ती जोगीण म्हणून चौपन्न वर्षे जगली आणि १३३७ साली मेली. तिच्या भाषेतला एक शब्दही तिच्या कानी पडला असेल असे वाटत नाही. तिचे नावही मठात कोणाला नीट लिहिता आले नाही, ते वेन्सिलियनसारखे काहीतरी लिहिले गेले. सातशे वर्षांनी, २००९ साली, वायव्य वेल्समधल्या एका डोंगरशिखराला तिचे नाव दिले गेले, आणि आज नकाशावर ते कार्नेद ग्वेनल्हियान म्हणून छापले जाते. वेल्श आईबाप आजही मुलीला हे नाव ठेवतात. सोलापूर विद्यापीठाला २०१९ साली पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव मिळाले. तेव्हा नावांसाठी लोक का भांडतात हे सोलापूरकरांना वेगळे समजावून सांगायला नको.

हे नाव मी ‘ग्वेनल्हियान’ असे लिहिले यामागे कारण आहे. त्यात वेल्श भाषेतला जो दुहेरी ल आहे तो काढण्यासाठी जीभ लच्या जागी ठेवून दोन्ही बाजूंनी हवा सोडायची असते. इंग्रजांना तो जमत नाही. मराठीला ल्ह माहीत आहे, कोल्हा आणि कोल्हापूरमधला. तो हुबेहूब तोच नव्हे, पण इंग्रजी लपेक्षा बराच जवळ. ‘ऱ्हियानन’ या दुसऱ्या वेल्श नावाचा पहिला उच्चारही आपल्या कऱ्हाड, कुऱ्हाडमधल्या ऱ्हच्या शेजारचा. देवनागरीत वेल्श नावे रोमनपेक्षा अधिक सरळ वाचता येतात, हे मी अनेकदा ताडून पाहिले आहे.

ऱ्हियानन आणि ब्रानवेन या दोन नायिका वेल्श भाषेतल्या सर्वांत जुन्या कथांमधल्या आहेत. चौदाव्या शतकातल्या हस्तलिखितांमुळे त्या टिकल्या. ऱ्हियाननवर स्वतःचे मूल मारल्याचा खोटा आळ येतो आणि तिला वाड्याच्या दाराशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला आपला अपराध सांगत राहण्याची शिक्षा होते. अखेर मूल जिवंत सापडते आणि ती निर्दोष ठरते. ब्रानवेन लग्न होऊन आयर्लंडला जाते. तिथे तिचा अपमान होतो, तिला स्वयंपाकघरात राबवतात, रोज मार खावा लागतो. ती एका पक्ष्याला माणसाळवते, त्याला बोलायला शिकवते आणि त्याच्या पंखाला चिठ्ठी बांधून समुद्रापलीकडे भावाकडे पाठवते. तो पक्षी आपल्या साळुंकीच्याच कुळातला. जात्यावर दळताना सासुरवास आणि भावाची वाट या दोनच गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या गायलेल्या बायकांना ही कथा सांगून पाहा, त्यांना ती आपलीच वाटेल. वेल्समध्ये आज ब्रानवेन हे नाव मुलीला ठेवतात तेव्हा त्या सोसलेल्या बाईची नव्हे, तर निरोप पाठवणाऱ्या हुशार बाईची आठवण ठेवतात. कार्डिफमधल्या मराठी आईने हे नाव निवडले तर मी त्याचे मनापासून स्वागत करीन.

बाकीची पुष्कळ वेल्श नावे साधी आणि प्रसन्न आहेत. सेरेन म्हणजे तारा. एन्विस म्हणजे इंद्रधनुष्य. हेइल्वेन म्हणजे ऊन. आंगहराद म्हणजे जिच्यावर पुष्कळ जीव आहे अशी. एलेरी हे एका नदीचे नाव, आपल्या इरावतीसारखेच. कारिस हे नाव विसाव्या शतकात प्रेम करणे या क्रियापदावरून बनवले. मेगन म्हणजे मार्गारेटचे लाडके रूप, जसे गोदावरीचे गोदू. मेगन लॉइड जॉर्ज १९२९ साली वेल्समधून निवडून आलेल्या पहिल्या महिला खासदार. शान हे जेनचे वेल्श रूप, आणि आपल्या कानाला ते थेट हिंदुस्तानी वाटते. काही नावे मात्र मराठी घराने टाळावीत. मारी म्हणजे मेरी, पण आपल्याला आठवते ते बिस्कीट. कादी आणि माली ही तिथे लाडाची नावे. पण सुट्टीत सोलापूरला आजोळी आलेल्या मुलीला इथली मुले ‘काडी’ आणि ‘माळी’ म्हणून चिडवणार.

निया या नावाबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ते आता महाराष्ट्रातल्या बारशांतही ऐकू येते. पुष्कळ आईबापांना ते नवे, छोटे, संस्कृतसारखे नाव वाटते. त्याचे एक मूळ आयर्लंडच्या दंतकथेतल्या नीव या राजकन्येत आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टी. ग्विन जोन्स या वेल्श कवीने आपल्या कवितेत तिचे निया केले, आणि वेल्समध्ये ते मुलीचे नाव म्हणून रूढ झाले. मायराची गोष्टही अशीच आहे. ते सोळाव्या-सतराव्या शतकातल्या फुल्क ग्रेव्हिल या इंग्रज कवीने घडवलेले नाव मानले जाते. ही नावे ठेवू नयेत असे मी म्हणत नाही. मुलगी मोठी झाल्यावर ‘माझे नाव कुठले?’ असे विचारील, तेव्हा आईबापांजवळ उत्तर असले पाहिजे. इंटरनेटवरच्या यादीत दिसले आणि लहान होते, हे उत्तर मुलीला पुरत नाही.

परक्या देशात राहून तिथल्या लोकांशी नाते सांगणारे नाव कसे असावे, हे सोलापूरने आधीच दाखवले आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मले आणि १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले. तिथे त्या पथकातल्या डॉक्टरांनी आपापल्या चिनी नावाच्या शेवटी ‘हुआ’ लावून घेतले, म्हणजे चीन. कोटणीस झाले के दिहुआ. १९४१ साली त्यांनी ग्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केले. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव सेनापती न्ये रोंगचेन यांनी सुचवले: यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. त्याच वर्षी ९ डिसेंबरला कोटणीस वारले, वय अवघे ३२. बापाचा सहवास मुलाला मिळाला नाही, पण बापाचा देश त्याच्या नावात राहिला. कार्डिफ किंवा स्वान्सीच्या मराठी घराला मुलीच्या नावात दोन्ही भाषा आणायच्या असतील तर नमुना समोर आहे. एक नाव वेल्श, दुसरे मराठी, दोन्ही दाखल्यावर, आणि हाक मारायची ती आजीला जमेल त्या नावाने.

नावाच्या पहिल्या अक्षराचा आग्रह हा आणखी एक विषय. नक्षत्रे २७, प्रत्येकाची चार चरणे, म्हणून अक्षरे १०८. त्यात आर्द्रेच्या एका चरणाला ङ येतो, उत्तराभाद्रपदेच्या एकाला ञ आणि हस्ताच्या एकाला ण. या अक्षरांनी मराठीत नाव सुरू होत नाही. मग जवळचे अक्षर घेतले जाते. शास्त्रालाही इथे मुरड घालावी लागते, तर ‘च’वरूनच नाव पाहिजे म्हणून मुलीच्या गळ्यात नको ते नाव बांधण्याची गरज नाही. जन्मनाव पत्रिकेत राहू द्यावे आणि व्यवहाराचे नाव विचारपूर्वक निवडावे, ही जुन्या लोकांची तोड शहाणपणाची होती.

आणि ज्या नावात द्वेष आहे ते नाव कोणालाच नको. सोलापूरच्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात नकुशी, नकोशी अशा नावांच्या मुली होत्या, कारण त्या कोणाला नको होत्या. २२ ऑक्टोबर २०११ रोजी जिल्हा प्रशासनाच्या पुढाकाराने अशा २८५ मुलींची नावे बदलली गेली. मुलींनी आपली नावे स्वतः निवडली: कोणी ऐश्वर्या, कोणी वैशाली, कोणी सावित्री. ज्या मुलीला दहाव्या-बाराव्या वर्षी स्वतःचे नाव निवडता आले, तिने ते किती विचाराने निवडले असेल! नामकरणावरच्या कोणत्याही पुस्तकापेक्षा त्या २८५ निवडी मला जास्त शिकवणाऱ्या वाटतात.

कागदाचे काम शेवटी, पण ते टाळू नये. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, मात्र त्याच वेळी नाव द्यावे लागत नाही. नाव पुढे १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येते, आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. बाराव्या दिवसाच्या बारशाची घाई कागदावर नको. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर मुलाचे नाव, मग आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि आडनाव अशा क्रमाने लिहायचे आहे. म्हणून आईनेही आपले कोणते नाव, माहेरचे की सासरचे, मुलीच्या दाखल्यावर कायमचे ठेवायचे ते आधी ठरवावे. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलीला शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागणार आहे. महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात सही करण्यापूर्वी मुलीचे आणि तिच्या आईचे नाव देवनागरीत आणि रोमन लिपीत, दोन्हीकडे, अक्षर अक्षर वाचून घ्या.